मार्क वाढवायचे असतील तर हा गणिताचा क्लास नको: नाशिकच्या उन्हाळी बॅचचा माझा रिव्ह्यू

शीर्षकात लिहिलंय ते खरंच आहे, त्यामुळे ज्यांना तेवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहिते, कारण एप्रिलमध्ये मी सोसायटीत, ऑफिसात, नातेवाईकांच्या ग्रुपवर सगळीकडे विचारत फिरत होते की सुट्टीत मुलांना गणितासाठी कुठे घालू, आणि कुणीच धड उत्तर दिलं नाही. "छान आहे", "टाकून दे गं", "आमच्याला आवडलं". काय आवडलं, का आवडलं, विचारलं की विषय आंब्यावर.

क्लासचं नाव देत नाहीये, एक तर दारावर बोर्डच नाही, आणि सरांनी स्पष्ट सांगितलंय की जाहिरात करू नका, मला पंधराच्या वर मुलं झेपत नाहीत. गंगापूर रोडला एका जुन्या बंगल्याच्या खालच्या हॉलमध्ये भरतो. मे महिन्यात बारा दिवस, सकाळी साडेसात ते साडेनऊ, रविवारी सुट्टी. फी एका मुलाची ३,२०० रुपये, दोघांची ६,४००, भावंडं म्हणून सूट नाही (विचारलं होतं, सर नुसते हसले). आमच्या बॅचला चौदा मुलं, सातवी ते नववीत जाणारी, त्यात मुली चारच. बाकं शाळेतून काढून टाकलेली असावीत अशी, पंखा एक, डास भरपूर. गाडी लावायला जागा नाही, मी रोज समोरच्या मेडिकलवाल्याच्या शिव्या खाऊन स्कूटी लावायचे.

मी दोघांना घातलं होतं. माझी लेक मनू, आठवीत जाणारी, आणि भाचा ओम, नववीत जाणारा, भावाचा मुलगा, सुट्टीला जळगावहून आला होता. ओम म्हणजे आमच्या खानदानातला गणिताचा हिरो, ९४ च्या खाली कधी आला नाही, वही अशी की फ्रेम करून भिंतीवर लावावी. मनूचं उलटं. तिला उत्तर बऱ्याचदा येतं पण कसं आलं ते सांगता येत नाही, आणि शाळेत तर पायऱ्यांना मार्क असतात. त्यात मागच्या वर्षी मी एक मोठा मूर्खपणा केला होता. एका "ब्रेन मॅपिंग"वाल्याकडे तिच्या दहाही बोटांचे ठसे दिले, ४,५०० रुपये मोजले, आणि चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट आला की ही उजव्या मेंदूची मुलगी आहे, चित्रकला, संगीत उत्तम, गणित-तर्क कमकुवत. बोटाच्या ठशावरून गणित कळतं याला काडीचा शास्त्रीय आधार नाही हे मला पैसे भरल्यावर समजलं. पण पोरीने तो रिपोर्ट मनाला लावून घेतला, वर्षभर काही अडलं की "मी राईट ब्रेन आहे ना आई" हे ठरलेलं उत्तर. हे आधी सांगतेय कारण पुढचं सगळं त्या पार्श्वभूमीवर आहे.

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांची खोडरबरं आणि पेन्सिली गोळा करून एका श्रीखंडाच्या डब्यात टाकल्या. फक्त पेन. दोनशे पानी वही, डाव्या पानावर वर लिहायचं "आधी काय वाटलं" आणि उजव्या पानावर "मग काय निघालं". प्रश्न फळ्यावर आला की आकडेमोड करायच्या आधी अर्ध्या मिनिटात डावं पान भरायचं, मनात जो काय अंदाज आला तो, आणि शेजारी एक अक्षर टाकायचं. डोळ्यासमोर चित्र आलं असेल तर चि, सूत्र किंवा समीकरण आलं तर सू, असाच आधी सोडवलेला प्रश्न आठवला तर आ, आणि कुठून आलं तेच माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह. चुकलं तरी खाडाखोड नाही. मला पहिल्या दिवशी हे सगळं जरा पोरखेळ वाटलं खरं सांगायचं तर, ३,२०० रुपये घेऊन हे काय.

पालकांना पहिला अर्धा तास बसू दिलं होतं, तर पहिला प्रश्न असा: वही आणि पेन मिळून ११० रुपये, वही पेनापेक्षा १०० रुपयांनी महाग, तर पेन केवढ्याला? मी गेली सतरा वर्षं सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, मनातल्या मनात लगेच दहा म्हणून मोकळी झाले, आणि वर शेजारच्या बाईंकडे बघून "सोप्पंय" असा चेहराही केला. पेन पाच रुपयांचं. वही १०५, मिळून ११०. दहा धरलं तर वही ११० आणि बेरीज १२० होते. चौदापैकी अकरा मुलांच्या डाव्या पानावर दहाच होते, आणि पालकांच्या डोक्यातही काय होतं ते चेहऱ्यांवर दिसत होतं. सर म्हणाले लाजू नका, हा प्रश्न मूळ अमेरिकेतला, बॅट आणि बॉलचा, शेन फ्रेडरिक नावाच्या प्राध्यापकांनी २००५ साली असे तीन प्रश्न छापले होते, आणि तिथल्या एमआयटीसारख्या नामांकित विद्यापीठातल्या मुलांतसुद्धा तिन्ही बरोबर देणारे ४८ टक्केच निघाले. म्हणजे हुशारी कमी म्हणून दहा येत नाही, ११० आणि १०० शेजारी दिसले की दहा आपोआप उडी मारून येतात. त्या उडीला थांबवून "बघू तरी" म्हणायचं की नाही, एवढाच प्रश्न.

मला वाटलं आता सर सांगणार की मनाचं ऐकू नका, गणित करा. सगळे मास्तर हेच सांगतात. पण नाही, दुसऱ्या दिवशी नेमका उलटा प्रश्न. (हे पुढचं मी मुलांकडून ऐकलेलं आणि वह्यांमध्ये बघितलेलं आहे, पालक एकच दिवस अलाउड.) बाद फेरीची कबड्डी स्पर्धा, ६४ संघ, हरला तो बाहेर, एकूण सामने किती? ओमने ३२ अधिक १६ अधिक ८ असं करत ६३ काढले, व्यवस्थित, अधोरेखित वगैरे करून. मनूच्या डाव्या पानावर दहा सेकंदात ६३, शेजारी चि, आणि खाली बारीक अक्षरात "६३ जण रडत घरी जाणार". झालं की. दर सामन्याला एक संघ घरी जातो, ६३ जायला हवेत, म्हणून ६३ सामने. मग सरांनी ३७ संघ दिले. ओम अडकला, ३७ चे निम्मे होत नाहीत, बाय (न खेळता पुढे जायची संधी) कुणाला द्यायची, पुढच्या फेरीत किती, पानभर गिचमिड. मनूने ३६ लिहून पाण्याची बाटली उघडली. त्या दिवशी घरी येताना स्कूटीवर मागे बसून ती जे काय बडबडत होती ना, वर्षभरात पहिल्यांदा तिच्या तोंडून गणिताविषयी बढाई ऐकली मी. ओम गप्प होता. त्याने घरी येऊन पुन्हा ३७ ची फेरीवार आकडेमोड केली, ३६ आले, मग जेवला.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की चित्रवाली मुलं भारी आणि सूत्रवाली रट्टामार, तर थांबा. पाचव्या दिवशी आला सिन्नरचा प्रश्न. सिन्नर ३० किलोमीटर धरू, जाताना ताशी ३० ने गेलो, येताना ६० ने आलो, सरासरी वेग किती? मनूने रस्त्याची रेघ काढली, रेघेवर अर्धं ३०, अर्धं ६०, मध्यावर बोट ठेवलं, ४५. तिला खात्रीच होती, सरांशी वाद घातला म्हणे. ओमने मुकाट्याने तक्ता केला, जायला एक तास, यायला अर्धा, ६० किलोमीटर दीड तासात, म्हणजे ४०. मनूचं चित्र चुकीचं नव्हतं, चुकीच्या गोष्टीचं होतं, तिने अंतर काढलं आणि सरासरी तर वेळावर ठरते. हळू जाण्याने जास्त वेळ खाल्ला. सरांनी तिला तेच चित्र परत काढायला लावलं पण रेघ किलोमीटरची नाही, मिनिटांची. मग तिलाच दिसलं की ३० चा तुकडा दुप्पट लांब आहे. मला ही गोष्ट फार आवडली. सरांनी तिला "आता सूत्र वापर" असं नाही म्हटलं, तिच्याच पद्धतीने पण दुसरी रेघ काढ म्हटलं.

ओमची गंमत वेगळी. त्याची वही मी चौथ्या दिवशी बघितली तर डावी पानं कोरी. एकही अंदाज नाही. उजवीकडे सगळं बरोबर. मी विचारलं अरे हे काय, तर म्हणाला, "आत्या, सोडवल्याशिवाय कसं सांगणार? चुकलं तर?" चौऱ्याण्णव टक्केवाल्या मुलाची ही भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. त्याच्या घरी, म्हणजे माझ्याच भावाकडे, चुकीच्या उत्तराला काय वातावरण असतं ते मला माहीत आहे, तो विषय इथे नको. सरांनी पण पकडलं होतं त्याला, कोरं पान चालणार नाही, निदान मोठं येईल की छोटं एवढं तरी लिही.

आणि मग रॅपिड फायरचा दिवस. दहा प्रश्न, प्रत्येकी वीस सेकंद, सातवा प्रश्न: बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय काय? ओमने लिहिलं ३६. शेजारी सू. वर्गातल्या आणखी पाच जणांनी पण. घरी येऊन चिडलेला, "प्रश्नात नंबर दिलेत म्हणजे वापरायचेच असतात ना आत्या, शाळेत कधी फालतू नंबर देतात का?" आता याला काय बोलणार, बरोबरच आहे की त्याचं, आठ वर्षं शाळेने त्याला हेच शिकवलं की प्रश्नातले सगळे आकडे वापरले गेले म्हणजे उत्तर बरोबर. सर म्हणाले हा प्रश्न १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या शिक्षकांनी लहान मुलांना घातला होता, ९७ पैकी ७६ मुलांनी आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून कप्तानाला वय देऊन टाकलं. ते आठ-नऊ वर्षांचे होते, आमचा घोडा चौदाचा. पण त्याचं इंट्युशन, म्हणजे मनात आपोआप येणारा अंदाज, खराब आहे असं नाही, त्याचं इंट्युशन परीक्षेसाठी तयार झालेलं आहे. पेपरात ते हमखास चालतं, बोटीवर चालत नाही.

यावरून मला माझं ऑफिस आठवलं आणि इथे जरा विषयांतर करते. आमच्याकडे नवीन पोरगा आला की मी त्याला विचारते, बिल १,१८० चं, जीएसटी १८ टक्के धरून, मूळ किंमत किती? दर वेळी १,१८० चे १८ टक्के काढून वजा करतात आणि ९६७ रुपये ६० पैसे असं काहीतरी सांगतात. मला १,१८० बघितलं की १,००० आणि त्यावरचे १८० दिसतात, मी भागाकार करतच नाही. तसंच ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाजूंचा ताळा) जुळला नाही आणि फरक नऊने भाग जाणारा निघाला, समजा २७०, तर माझा हात आपोआप अशा नोंदीकडे जातो जिथे कुणी ४,५८१ च्या ऐवजी ४,८५१ मारलं असेल. अंकांची अदलाबदल झाली की फरक नऊच्या पटीत येतो. हे मला कुणी सूत्र म्हणून शिकवलं नव्हतं, पहिल्या नोकरीतल्या बाईंनी "नऊने जातंय का बघ" एवढंच सांगितलं होतं आणि मग शंभर वेळा केल्यावर ते डोळ्यात बसलं. म्हणजे वही-पेनात दहा म्हणणारी मीच आणि १,१८० मध्ये हजार बघणारी पण मीच. एकच डोकं.

हे मी सरांना शेवटच्या दिवशी सांगितलं तर ते एकदम खूश झाले आणि कापरेकरांवर घसरले. द. रा. कापरेकर, आपल्या देवळालीचे शाळामास्तर, ज्यांचा ६१७४ जगभर ओळखला जातो. चार अंकी कुठलीही संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथून पुढे हलतच नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतंच. सर म्हणाले बघा बाई, यातली प्रत्येक वजाबाकी नऊने जाते, तुमच्या ट्रायल बॅलन्ससारखी. मी मोबाईलवर तपासलं, ३०८७ जातो, ८३५२ जातो, ६१७४ जातो. मी नाशिकमध्ये जन्मले, देवळालीला मामाचं घर, आणि हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळतंय. कापरेकरांकडे ना मोठी पदवी ना विद्यापीठाची खुर्ची, माणूस आकड्यांशी नुसता खेळत राहिला आणि खेळता खेळता त्याला आकड्यांचा वास यायला लागला असणार, हे माझं मत, सरांचं नाही.

बरं, आता पाऊण किलोची गोष्ट, माझ्या मते सगळ्या बारा दिवसांतला सगळ्यात भारी तास. सरांनी अर्ध्या वर्गाला चिठ्ठी दिली: शेंगदाणे १६० रुपये किलो, पाऊण किलो घेतले, किती झाले? उरलेल्या अर्ध्यांना: शेंगदाणे १६० रुपये किलो, ०.७५ किलो घेतले, कुठली क्रिया करशील? पहिल्या अर्ध्यांतल्या सगळ्यांनी १२०. दुसऱ्या अर्ध्यांत तिघांनी लिहिलं भागाकार, १६० भागिले ०.७५. का, तर उत्तर १६० पेक्षा कमी यायला हवं हे त्यांना आतून बरोबर कळलं, आणि "गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं" हेही तितकंच आतून पक्कं बसलेलं. दोन इंट्युशन, एक खरं एक खोटं, आणि खोट्याने क्रिया निवडली. इफ्रैम फिशबाइन नावाच्या संशोधकाने सहकाऱ्यांसोबत १९८५ मध्ये इटलीतल्या शाळांच्या मुलांवर नेमकं हेच तपासलं होतं म्हणे, की पूर्ण संख्यांच्या काळात मनात बसलेलं हे चित्र दशांश आल्यावरही जात नाही. पण इटलीच्या मुलांकडे पाऊण नाही हो! पाऊण म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यासमोर वजनकाटा येतो, तीन पाव येतात, पोहे येतात. ०.७५ म्हटलं की पेपर येतो. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी हे पाव-अर्धा-पाऊणचे पाढे घडाघडा म्हणायचे, आम्ही हसायचो. "एक दीड दीड, दोन दीड तीन" याला गणित म्हणावं असं आम्हाला वाटायचंच नाही, पण ज्याच्या तोंडी पाऊणकी आहे त्याला गुणाकार केला की वाढतंच असा भ्रम होईल कसा? आता त्या पाढ्यांना परत आणा असं मी म्हणत नाहीये, कुणी पाठ करणार नाही, मीच नाही करणार. पण घरी दशांश शिकवताना आधी पाव-पाऊण बोलून बघा, फरक पडतो, मी करून बघितलंय.

दोरीचा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. पृथ्वीला विषुववृत्तावर घट्ट दोरी बांधली, मग ती फक्त एक मीटर लांब केली आणि सगळीकडून सारखी उचलली, तर खाली फट किती? मनू म्हणाली केसाएवढी पण नाही. ओमने (यावेळी डावं पान भरलं होतं, "खूप छोटी") समीकरण मांडलं, एक मीटर भागिले २π, साधारण १६ सेंटीमीटर, आणि पुढचं पान उलटलं. मांजर आरामात जाईल खालून. आणि पृथ्वीऐवजी चेंडू घेतला तरी तेवढीच फट, सोळाच सेंटीमीटर. ओमला यात आश्चर्यच वाटलं नाही, त्रिज्या कटून गेली ना समीकरणातून, संपलं. मनू दोन दिवस अस्वस्थ. तिला आकडा पटला पण दिसत नव्हता. मग सरांनी म्हणे विचारलं, पृथ्वी चौकोनी असती तर? चौकोनाभोवती चौकोनी दोरी, सगळीकडून थोडी बाहेर ओढली, तर प्रत्येक कोपऱ्यावर फटीएवढे दोन तुकडे वाढतात, चार कोपरे, आठ तुकडे, एक मीटरचे आठ भाग म्हणजे साडेबारा सेंटीमीटर, चौकोन केवढाही असो. हे ऐकून मनूने स्वयंपाकघरात पोळपाटाभोवती सुतळी बांधून, मग पाण्याच्या टाकीभोवती बांधून, माझी सगळी सुतळी संपवली. ओम बाजूला उभा राहून बघत होता आणि मग हळूच म्हणाला, अच्छा म्हणजे म्हणून त्रिज्या कटते. त्याला उत्तर आधीच आलेलं होतं, पण ते का आलं ते त्या सुतळीत दिसलं. मला वाटतं पैसे तिथे वसूल झाले, दोघांचेही.

मधल्या सुट्टीत मी सरांना एकदा विचारलं होतं की मग मनू व्हिज्युअल आणि ओम लॉजिकल असं समजायचं का, म्हणजे त्याप्रमाणे पुढचा क्लास बघते. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं की वादीम क्रुतेत्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने गणितात चांगल्या असलेल्या शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून विचारांचे ढोबळ प्रकार मांडले होते, शब्द-तर्काने चालणारे, चित्राने चालणारे आणि दोन्हीचा मेळ घालणारे, त्यामुळे प्रकार असतात हे खरं. पण तुमचं मूल अमुक प्रकारचं म्हणून त्याला तशाच पद्धतीने शिकवलं की जास्त येतं, याला पुरावा मिळत नाही, २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि मंडळींनी तोवरचं संशोधन तपासून हेच लिहिलं. म्हणून मी अक्षर मुलाला देत नाही, प्रश्नाला देतो, म्हणाले. मनूची वही शेवटी मोजली तर ५३ अंदाजांत चि २९, सू ९, आ ११, बाकी प्रश्नचिन्ह. आणि तिचे सू आहेत ते बहुतेक शेवटच्या चार दिवसांतले. बोटांच्या ठशांचा तो चाळीस पानी रिपोर्ट तिने स्वतःहून रद्दीत टाकला, मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, रद्दीवाल्याने वजन करताना दिसला.

आता तक्रारी, त्या पण आहेत आणि बऱ्यापैकी आहेत. सर बोलायला लागले की घड्याळ बघत नाहीत, एक अख्खा तास पॉइन्कारे या फ्रेंच गणितज्ञावर गेला, बसच्या पायरीवर पाय ठेवताना त्याला कसं एकदम सुचलं वगैरे. मुलांना एवढंच लक्षात राहिलं की बसमध्ये गणित सुचतं. आधी कितीतरी दिवस तो त्या प्रश्नाशी झटत होता हा मुख्य भाग कुणाच्या डोक्यातच शिरला नाही, ओमला विचारलं तर म्हणे "बसचं काहीतरी होतं". सातवी आणि नववी एकत्र बसवणं मला पटलं नाही, सातवीतली दोन पोरं शेवटी शेवटी येईनाशी झाली. घरी करायला काही देत नाहीत. पालकांचा ग्रुप नाही, क्लास अर्धा तास उशिरा सुटणार असेल तर कळायचा मार्ग नाही, बाहेर उन्हात उभे राहा. दोन दिवस लाईट गेली तर मुलं नुसती घामाने भिजून आली. फी एकदम आधी, मधे सोडलं तर परत नाही.

आणि मार्कांचं. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पहिल्या घटक चाचणीत मनूला २० पैकी १४, मागच्या वेळेसारखेच. दोन मार्क तर असे गेले की उत्तर बरोबर, पायऱ्या नाहीत. मी वही घेऊन सरांकडे गेले तर ते म्हणाले शाळेचं बरोबर आहे, दुसऱ्याला पटवता आलं पाहिजे, पुढच्या बॅचला मी उजव्या पानावर जास्त जोर देईन. म्हणजे त्यांनी कबूल केलं की ती बाजू त्यांची कच्ची राहिली. हे आवडलं, पण मार्क गेले ते गेलेच. ओमचे मार्क तसेच आहेत, तिकडे सुधारायला जागाच कुठे होती, पण भावाचा फोन आला की हा आता कुठलाही प्रश्न आला की आधी कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी आकडा लिहितो, कॉपी करतोय की काय असं त्याच्या बाईंना वाटलं. मी सांगितलं, राहू दे.

शेवटच्या दिवशी दोघांना कॉलेज रोडला पिझ्झा खायला नेलं होतं, तिथे ऑफर होती, एका बारा इंचीच्या भावात दोन आठ इंची. मी दोन घ्यायला निघाले. मनू म्हणाली आई थांब, दोन छोटे शेजारी ठेवले तर मोठ्यापेक्षा जास्त वाटतात पण मला नाही वाटत ते जास्त आहेत. ओम म्हणाला, मला पण कमीच वाटतंय. नुसतं "वाटतंय", आकडेमोड न करता, ओम! मग त्याने टिशू पेपरवर केलं, क्षेत्रफळ इंचांच्या वर्गावर ठरतं म्हणून आठचा वर्ग ६४, दोनदा १२८, बाराचा १४४. एक मोठा घेतला. कडेचं कोण खाणार यावरून भांडले.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा बाकं, डास आणि ग्रुप नसणं यांच्या नावाने कापला. स्कॉलरशिपची किंवा ऑलिम्पियाडची तयारी हवी असेल तर दुसरीकडे जा, इथे ती होत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना नका पाठवू. गणितात पहिला येणारा पण कोरं पान सोडणारा मुलगा असेल तर आवर्जून पाठवा. दिवाळीच्या सुट्टीत सहा दिवसांची बॅच घेणार आहेत असं ऐकलंय, मनूचं नाव देऊन ठेवलंय. जाताना पेन दोन न्या, एक हमखास संपतं, आणि ओडोमॉस लावूनच पाठवा.